पेरूतली अळी येते कुठून?

(वाघोली येथे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला एका माशीची हकिगत सांगणार आहोत. माशी लहान, पण नुकसान मोठे करते.

आमच्या परसात पेरूची तीन झाडे आहेत. एका वर्षी झाडे फळांनी लवली. फळ वरून पिवळे, गुळगुळीत. कापले की आत पांढऱ्या अळ्या वळवळत. नातवंडांनी पेरूला हात लावणे सोडले. आम्हाला वाटले, अळी बाहेरून येऊन फळ पोखरते. म्हणून फळांवर औषध मारले. पैसे गेले, अळ्या तशाच राहिल्या. मग आम्ही शेजाऱ्याच्या झाडाला बोल लावला. शेजाऱ्याने आमच्या झाडाला लावला. दोन महिने बोलणे बंद! चूक कुणाची होती? ते ऐका.

या माशीला फळमाशी म्हणतात. ती घरमाशीएवढी असते. रंग तांबूस-पिवळा. दिसायला जराशी गांधीलमाशीसारखी. केळ्यांवर घोंगावणारी चिलटे ती ही नव्हेत. चिलटे फळ नासू लागल्यावर येतात. फळमाशी चांगल्या फळालाच टोचते.

मादीच्या शेपटाला सुईसारखी नळी असते. फळ पिकायला आले की मादी सालीला टोचते आणि आत अंडी घालते. भोक इतके बारीक, की ते नजरेत भरत नाही. एक-दोन दिवसांत अंड्यातून अळी निघते. ती आठवडाभर गर खाते. फळ नासते, गळून खाली पडते. मग अळी फळातून निघून मातीत शिरते. दोन-तीन बोटे खोल जाऊन ती कोश करते. कोश गव्हाच्या दाण्यासारखा दिसतो. साधारण आठ-दहा दिवसांनी त्यातून नवी माशी बाहेर पडते. थंडीत जास्त दिवस लागतात.

आता तुम्हीच सांगा. अळी फळाच्या आत, कोश मातीत. वरून मारलेले औषध त्यांना लागणार कसे? आणि आम्ही काय करत होतो? गळलेली फळे झाडाखाली तशीच कुजू देत होतो. शेजारीही तेच करत होता. म्हणजे माश्या आम्ही दोघेही पाळत होतो, आणि भांडत होतो एकमेकांशी!

या माशीचा अभ्यास फार जुना आहे. बिहारमध्ये पुसा या गावी सरकारी शेती-संशोधन संस्था होती. तिथे हॉवलेट नावाचे शास्त्रज्ञ होते. एका सुवासिक गवताच्या तेलावर नर फळमाश्या धावून येतात, असे त्यांनी १९१२ साली लिहिले. पुढे १९१५ साली त्यांनी दाखवले, की मिथिल युजेनॉल या पदार्थाच्या वासाने नर खेचले जातात. हा पदार्थ आपल्या अंगणातल्या तुळशीतही असतो. तुळशीचा पाला चुरगाळून ठेवला तर त्यावरही नर येतात.

यावरूनच सापळा निघाला. डब्यात या वासाचा लाकडी ठोकळा टांगतात. नर आत येतो आणि मरतो. नर उरले नाहीत, तर मादीची अंडी फळत नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने असा ‘रक्षक’ सापळा तयार केला आहे.

प्रशांत महासागरात रोटा नावाचे लहान बेट आहे. तिथे असा वास आणि विष लावलेले तुकडे सगळीकडे टाकले. त्या बेटावरून ही फळमाशी नाहीशी झाली.

पण वाघोली काही बेट नाही. आपल्या झाडाचे नर मेले, तरी शेजारची मादी फळलेली अंडी घेऊन येते. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत गेली. शेतात इमारती उभ्या राहिल्या. तरी परसात पेरू आहे, कुंपणावर दोडका आहे. हे शेत की सोसायटी, असे माशी विचारत नाही. एकट्याने करून भागत नाही. आळीने मिळून करावे लागते.

ही गोष्ट परसापुरतीही नाही. २०१४ साली युरोपातल्या देशांनी आपला आंबा घेणे बंद केले. कारण फळमाशी. हापूसही अडकला. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१५ साली, बंदी उठली.

मग करायचे काय?

एक : गळलेली, किडकी फळे रोज वेचा. उकिरड्यावर टाकू नका. दोन हात खोल खड्ड्यात पुरा आणि वर माती दाबा.

दोन : झाडाखालची माती वरचेवर उकरा. कोश उन्हात येतात. कोंबड्याही ते टिपतात.

तीन : पेरू फार पिवळा होऊ देऊ नका. हिरवा रंग मोडताच काढा. थोडीच फळे असली तर कागदी पिशवी बांधा.

चार : सापळे लावा. एकराला साधारण चार. पण घेताना पाकीट वाचा. आंबा आणि पेरू यांच्या माशीला मिथिल युजेनॉल लागते. काकडी, कारले, दोडका यांची माशी वेगळी. तिला क्यू-ल्यूर नावाचा वास लागतो. एकीचा वास दुसरीला चालत नाही. दुकानदार म्हणेल, “सगळे सारखेच.” तुम्ही आता वाचायला शिकला आहात. नाव वाचा, मगच पैसे द्या.

आम्ही आणि आमचा शेजारी आता सकाळी एकाच टोपलीत फळे वेचतो. खड्डाही एकच. दुसऱ्या वर्षी किडकी फळे पुष्कळ कमी झाली. अजून थोडी निघतात, कारण पलीकडची झाडे कुणी झाडत नाही.

उद्या सकाळी आपल्या झाडाखाली बघा. पडलेले फळ उचला. मग शेजाऱ्याला हाक मारा. भांडायला नव्हे, टोपली धरायला.

रामराम.