माळ्यावरचा रेडिओग्राम

आज हप्ते आणि व्याज बाजूला ठेवू. कुणाच्या माळ्यावर मोठी लाकडी पेटी पडली आहे का? पुढे रेडिओची काच, वर झाकण, आत तबकड्या वाजवायचं यंत्र. तो रेडिओग्राम. साठेक वर्षांपूर्वी ऐपतदार घराची ती शान असे.

आमच्या गटातल्या एका आजींकडे आहे. भंगारवाला वजनावर मागत होता, मुलगा तयारच होता. आजी म्हणाल्या, "माझ्या आईनं मला आंदण दिलाय. मला विचारलं का कुणी?" भंगारवाला रिकामा गेला.

पण आता चालू होतो का बघू, म्हणून प्लग लावू नका हं. यात काचेचे व्हॉल्व्ह असतात, त्यांना दोनशे व्होल्टच्या वर दाब लागतो. वर्षानुवर्षं पडून आतले कंडेन्सर खराब होतात. एकदम वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जळतो. शिवाय प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते, तेव्हा मागचा पत्रा उघडून आत हात घालायचा नाही.

आजींनी जुने रेडिओ जाणणारा कारागीर बोलावला. आधी उंदरांची घाण निघाली. मग कंडेन्सर बदलले, काट्याची तुटलेली दोरी नवी ओवली. पहिल्यांदा वीज देताना त्यानं मध्ये शंभरचा बल्ब जोडला. बल्ब भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. बल्ब मंद झाला आणि हळूहळू व्हॉल्व्ह लाल झाले. आकाशवाणी लागली! तबकडी फिरवणारं रबरी चाक मात्र कडक झालंय, त्याचा शोध चालू आहे.

विकायचाच असेल तर खुशाल विका, पण वजनावर नको. चार ठिकाणी भाव विचारा. लाखांच्या गप्पांवरही विश्वास ठेवू नका. आणि तबकड्या फुकटात सोबत देऊ नका, त्यांचे शौकीन वेगळे असतात.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, आपल्या बांगड्यांसारख्या. पडल्या की फुटतात, उन्हात वाकड्या होतात. स्पिरिटनं पुसाल तर लाख विरघळेल. मऊ कोरड्या कापडानं पुसा. थप्पी लावू नका, उभ्या ठेवा.

आणि हो, बहुतेक जुन्या रेडिओग्रामवर एफएम लागत नाही. माझी बडबड ऐकायला तुमचा छोटा रेडिओच हवा!