मूल : श्रोता की गिऱ्हाईक?



मुलाने हट्ट धरावा यात नवे काही नाही. जत्रेत भिरभिऱ्यासाठी लोळण घेतली नाही, असा आपल्यात कोण आहे? परंतु जत्रा उठली की भिरभिरेवाला निघून जाई. घरात शिरून तो मुलाला रोज गोष्ट सांगत बसत नसे. आज आम्हाला बोलावयाचे आहे ते घरात शिरलेल्या भिरभिरेवाल्याविषयी.

कथा अमेरिकेतली आहे. १९५५ साली मॅटेल या खेळणी करणाऱ्या कंपनीने ‘मिकी माउस क्लब’ या डिस्नेच्या कार्यक्रमात वर्षभर जाहिराती देण्यासाठी ५ लाख डॉलर मोजले. तोवर खेळणी खपत ती मुख्यतः नाताळात, आणि विकणारा बोले तो बहुधा आईबापांशी. आता तो बारमाही आणि थेट मुलाशी बोलू लागला.

१९७८ साली तेथील व्यापार आयोगाच्या अधिकाऱ्यांनी सुचविले की, जाहिरातीतला विक्रीचा हेतूच ज्यांना उमगत नाही, अशा लहानग्यांना उद्देशून जाहिराती करू नयेत. व्यापाऱ्यांनी गिल्ला केला, आणि १९८० मध्ये कायदेमंडळाने आयोगाचे हात बांधून टाकले. १९८४ मध्ये जाहिरातींच्या वेळेवरील बंधनेही उठली. परिणाम काय? पूर्वी आधी गोष्ट, मग तिच्या नायकाचे खेळणे. आता आधी खेळणे, मग त्याच्यासाठी गोष्ट! ‘ही-मॅन’ (१९८३) मॅटेलच्या बाहुल्यांवरून आला, ‘ट्रान्सफॉर्मर्स’ (१९८४) हॅस्ब्रोच्या खेळण्यांवरून. १९९० च्या कायद्याने जाहिरातींना तासाला १२ मिनिटे, शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटे, अशी मर्यादा घातली खरी. पण गोष्टच जाहिरात झाल्यावर मिनिटे कशाची मोजावयाची?

कोणी म्हणेल, मुलांना आवरणे हे आईबापांचे काम. मान्य. परंतु एकीकडे दिवसभर राबून आलेली आई आणि दुसरीकडे कोट्यवधींचे भांडवल, ही झुंज बरोबरीची आहे काय? म्हणून कायदा हवा. स्वीडनने १२ वर्षांखालील मुलांना उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिराती करण्यास मनाई केली. आपल्याकडेही २०२२ मध्ये मुलांसाठीच्या जाहिरातींवर नियम आले.

पण कायदा उंबऱ्याबाहेर राखण करील; आत गोष्ट सांगावयास माणूसच हवे. मुलाला गोष्टीची भूक असते. ती आपण भागविली नाही, तर भागविणारा दुसरा तयारच आहे. आणि त्याच्या गोष्टीच्या शेवटी किंमत असते.