अफवेतील वंशज आणि खरा वारसा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे वाढवून.)



मी इतिहासाचा शिक्षक. मला बोलायला सांगितले तेव्हा बहुतेकांना वाटले असेल की मी सनावळ्या वाचून दाखवीन. सनावळ्या थोड्या येतीलच. पण आज मला आपल्यापुढे एक घरगुती गोष्ट ठेवायची आहे. ती सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण चूक आमच्याच घरात झाली होती.

आवई कशी उठते हे पुलगावकरांना शिकवायला नको. ३१ मे २०१६ च्या पहाटे दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले, तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतील लोक अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडले. त्या रात्री प्रत्येकाजवळ वेगळी बातमी होती आणि प्रत्येक जण शपथेवर सांगत होता. अशी आवई दोन-चार दिवसांत विरून जाते. पण एका प्रकारची आवई पिढ्यान् पिढ्या टिकते. ती म्हणजे थोर पुरुषाच्या गुप्त वंशजांची.

आमच्या घरात अशी एक आवई होती. माझी दादी सांगायची की आपण १८५७ च्या नानासाहेब पेशव्यांचे विश्वासू सल्लागार अजीमुल्ला खान यांच्या वंशातले. बंड मोडल्यावर त्यांचा एक मुलगा म्हणे फकिराच्या वेशात कानपूरहून निघाला, पायी कामठीला आला आणि इंग्रजांना ओळख पटू नये म्हणून तेथील मोमिनांत राहून मागावर बसला. "हम खानदानी लोग हैं," हे वाक्य मी रोज ऐकत असे. माझे दादा कामठीहून पुलगावच्या कापड गिरणीत कामाला आले होते. दिवसभर कापसाच्या धुळीत उभे राहणारा तो माणूस या गोष्टीवर कधी काही बोलला नाही. दादी मात्र बोलायची, आणि आम्ही मुले ताठ मानेने फिरायचो.

आता मूळ इतिहास थोडक्यात पाहू. नानासाहेबांचा जन्म १८२४ मध्ये कर्जतजवळच्या वेणगाव येथे, माधवराव नारायण भट यांच्या घरी झाला. १८२७ मध्ये बिठूर येथे दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना दत्तक घेतले. १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि कंपनी सरकारने त्यांचे सालीना आठ लाखांचे पेन्शन बंद केले. त्यासाठी दाद मागायला नानासाहेबांनी १८५३ मध्ये अजीमुल्ला खानांना लंडनला पाठविले. पुढे १८५७ चा उठाव झाला, कानपूर लढले आणि पडले. नानासाहेब नेपाळच्या तराईत शिरले. १८५९ मध्ये ते तेथे तापाने वारल्याची बातमी आली. पण खात्रीचा पुरावा इंग्रजांच्या हाती लागला नाही. त्यांच्या शिरावर एक लाख रुपयांचे इनाम होते. एकीकडे मृत्यूचा पुरावा नाही आणि दुसरीकडे लाखाचे इनाम. मग कंड्या पिकायला आणखी काय हवे?

वर्षानुवर्षे कुठे ना कुठे 'नानासाहेब' सापडू लागले. १८७४ मध्ये ग्वाल्हेरात जयाजीराव शिंद्यांनी असा एक माणूस पकडून इंग्रजांच्या हवाली केला. त्याला कानपूरला नेऊन ओळखणाऱ्यांपुढे उभे केले. साक्षीदारांत एकमत होईना. अखेर हा नाना नव्हे असे ठरले. आपल्या महाराष्ट्रात गोंदवलेकर महाराजांच्या चरित्रात नानासाहेब नैमिषारण्यात साधू होऊन राहिले आणि १९०६ मध्ये वारले, असा वृत्तान्त आहे. गुजरातेतील सिहोर गावी वेगळेच सांगतात: ते तेथे संन्याशाच्या नावाने राहिले आणि १९०३ मध्ये वारले. म्हणजे एक माणूस तराईत वारला, सिहोरला वारला आणि नैमिषारण्यातही वारला. तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, एवढे तर सातवीतला मुलगाही सांगेल.

सिहोरची गोष्ट आपल्या विषयाला जवळची आहे. १९७० च्या दशकात तेथील एका कुटुंबाने दोन मराठी पत्रे आणि एक जुनी गुजराती रोजनिशी पुढे आणली. रोजनिशीप्रमाणे त्या घरातील एका गृहस्थांनी नानासाहेबांच्या मुलाला आपला मुलगा म्हणून वाढविले, आणि आजचे कुटुंब त्या मुलाचे वंशज. पुराणवस्तूंच्या एका नामवंत जाणकारांनी ही कागदपत्रे अस्सल मानली. सरकारने दाव्याला मान्यता दिलेली नाही. मी त्या कुटुंबाला खोटे म्हणणार नाही. मात्र माझ्या वर्गात मी मुलांना एक फरक समजावून देतो. कागद जुना असणे ही एक गोष्ट. त्या कागदातील मजकूर खरा असणे ही दुसरी. आणि त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष बरोबर असणे ही तिसरी. पहिली सिद्ध झाली म्हणजे उरलेल्या दोन आपोआप सिद्ध होत नाहीत.

हा रोग १८५७ नंतरचा नाही, फार जुना आहे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते कधी मानले नाही. थोड्याच वर्षांत उत्तरेकडील एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. त्याला पकडून कैदेत टाकले. १७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या अधिकाऱ्याच्याच मदतीने सुटला, आणि पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसे त्याच्या झेंड्याखाली आली. शेवटी आंग्र्यांनी त्याला धरले आणि पुण्यात चौकशी होऊन त्याला देहान्त शासन झाले. तोतयाचे बंड ते हेच. त्याच्यामागे गेलेले सगळेच काही मूर्ख नव्हते. पानिपतावर ज्यांची माणसे गेली आणि परत आली नाहीत, अशी घरे महाराष्ट्रात गावोगाव होती. भाऊ जिवंत असतील तर आपलाही मुलगा कुठेतरी जिवंत असेल, ही त्या बंडामागची आशा होती. म्हणून अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याला हसण्याआधी त्याचे दुःख काय आहे हे पाहावे.

आपल्या समाजातलेही उदाहरण पाहू. १९७० च्या दशकात नवी दिल्ली रेल्वे स्टेशनवर एक बाई दोन मुले, नोकर आणि कुत्रे घेऊन मुक्काम ठोकून बसल्या. त्या स्वतःला अवधच्या राजघराण्यातील बेगम विलायत महल म्हणवीत. म्हणजे १८५७ मध्ये लखनौ लढविणाऱ्या बेगम हजरत महल यांच्या घराण्यातील. देशोदेशीचे वार्ताहर त्यांना भेटायला येत. पुढे सरकारने त्यांना दिल्लीच्या रानातील मालचा महाल ही पडकी वास्तू राहायला दिली. १९९३ मध्ये बेगम गेल्या, २०१७ मध्ये मुलगाही त्याच पडक्या भिंतींत एकटा मरण पावला. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहर बाईंनी शोध घेतला तेव्हा कळले की त्या लखनौ विद्यापीठात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नी होत्या. फाळणीत घरदार उद्ध्वस्त झालेली ती एक सामान्य बाई होती. दुःख खरे होते, वंश खोटा होता. त्यापायी मुलांचे सगळे आयुष्य त्या अंधारात गेले.

आणि हजरत महल यांचे खरे वंशज कुठे होते? बेगम १८७९ मध्ये काठमांडूला वारल्या. त्यांचे पुत्र बिर्जिस कद्र पुढे कलकत्त्याला आले आणि १८९३ मध्ये वारले. त्यांचे नातू डॉ. कौकब कद्र मिर्झा हे अलिगढ मुस्लिम विद्यापीठात उर्दूचे अध्यापक होते. वाजिद अली शहांवर त्यांनी संशोधन केले, पगारावर संसार केला, आणि २०२० मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. स्टेशनवर गालिचा अंथरून बसायची त्यांना कधी गरज वाटली नाही. वाचकहो, ही माहिती मी प्रथम वाचली तेव्हा मला फार बरे वाटले. अवधच्या शेवटच्या राजाचा पणतू आमच्यासारखाच हातात खडू धरून उभा होता!

आता आमच्या घरची चूक. मला बी. एड. ला प्रवेश घ्यायचा होता. आम्ही मोमीन, महाराष्ट्रात ही जमात इतर मागासवर्गात येते. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना धावपळ करून करून पाठ झाले असेल. मी अब्बांच्या शाळेचा उतारा काढला. त्यात जातीच्या रकान्यात लिहिले होते 'पठाण'. अब्बांना शाळेत घालायला दादी गेली होती. गुरुजींनी विचारले, आणि तिने अजीमुल्ला खानांचे नाव घेऊन तसे लिहायला लावले. एका गोष्टीपायी सरकारी रजिस्टरात एक शब्द चढला, आणि पन्नास वर्षांनी तो माझ्या वाटेत आडवा आला. माझे प्रकरण पडताळणीत अडकले. त्या वर्षीची जागा गेली.

मी दादीवर रागावलो. अब्बा गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी ते मला न सांगता कामठीला गेले. दादांचे नाव ज्या प्राथमिक शाळेत होते तेथून त्यांनी जुना उतारा आणला. पिवळ्या कागदावर दादांचे नाव, वडिलांचे नाव, जात मोमीन, धंदा विणकाम. त्या एका ओळीवर माझे प्रकरण पुढे सुटले आणि मी वर्षभराने शिक्षक होण्याच्या वाटेला लागलो. कामठीच्या मोमिनांचा खरा इतिहासही मी मग वाचला. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेकडील पुष्कळ विणकर कुटुंबे कामठी, बऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी येथे येऊन वसली. हातमागावर पोट भरणाऱ्या माणसांनी हजार मैल दूर येऊन पुन्हा माग उभे केले. हे शौर्य लहान आहे काय? पण दादीला ते सांगण्यासारखे वाटले नाही, कारण 'जुलाहा' हा शब्द तिने आयुष्यभर शिवीसारखा ऐकला होता. मी तिला तो उतारा वाचून दाखविला. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला कोणी विचारले असते, तुझा नवरा काय चांगले कापड विणतो, तर मी कशाला खोटे बोलले असते?"

मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. ते आपण सर्वांनी द्यायचे आहे.

ज्या अजीमुल्ला खानांचे नाव आम्ही मिरविले, ते स्वतः कोण होते? १८३७-३८ च्या दुष्काळात उपाशी मरता मरता वाचलेला एक गरीब मुलगा. त्याची आई साहेब लोकांच्या घरी आया होती. कानपूरच्या शाळेत तो धर्मादाय मदतीवर शिकला, इंग्रजी आणि फ्रेंच शिकला, पुढे त्याच शाळेत शिक्षक झाला, मग मुनशी, आणि शेवटी नानासाहेबांचा वकील म्हणून लंडनला गेला. त्यांच्यापाशी खानदान नव्हते, इल्म होते. आणि नानासाहेब? तेही दत्तक. बाजीरावांचे रक्त त्यांच्या अंगात नव्हते. देश त्यांना आठवतो तो त्यांनी केलेल्या लढाईसाठी. मग आपण त्यांचे रक्त कोणाच्या अंगात आहे ते का शोधत बसावे? दुष्काळातून आलेले एखादे मूल आपल्या शाळेत टिकले, तर अजीमुल्ला खानांचा वारस तेथे आहे असे मी समजतो.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. अशी गोष्ट कानावर आली की तीन प्रश्न विचारा. हे सांगणारा त्या काळी तेथे होता काय? हे खरे ठरल्याने कोणाचा फायदा होतो? आणि याच्या उलट सांगणारा कागद आहे काय?

पालकांना माझी विनंती आहे. मुलाचे नाव शाळेत घालताना दाखल-खारीज रजिस्टरात जे खरे असेल तेच लिहवा. नाव, जन्मतारीख, जात, धंदा. गुरुजींना घाई असली तरी तुम्ही घाई करू नका. घरातील जुने उतारे, खरेदीखते, निकाहनामे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. आणि मुलांना आजोबांचे खरे काम अभिमानाने सांगा. मग ते गिरणीतले असो, मागावरचे असो की हमालीचे असो.

दादी आता नाही. तिची चूक मी चारचौघांत सांगितली, अल्ला मला माफ करो. आमच्या शाळेत प्रवेशाच्या दिवसांत मी मुद्दाम रजिस्टरापाशी बसतो. एखादी आई वडिलांचा धंदा सांगताना अडखळली, की मी तिला म्हणतो, "सांगा अम्मा, लाजू नका. मी सुंदर अक्षरात लिहितो."