दोन चिठ्ठ्या, एकच पेशंट



पहिली सूचना विषयाला धरूनच देतो. स्वच्छतागृह मांडवाच्या डाव्या हाताला आहे. भाषण चालू असताना कुणी उठलं तर वक्त्यांनी राग मानू नये.

वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण आमच्या पेडगावची नव्हे, ती श्रीगोंद्याकडच्या पेडगावची, असं आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पण लघवी न धरवण्याच्या दुखण्यात घरोघरी सगळेच पेडगावला गेलेले असतात. म्हातारी सप्ताहाला येईनाशी होते, एसटीत बसायला नको म्हणते, दुपारनंतर पाण्याला शिवत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. ती स्वतःही तेच म्हणते.

माझं औषधाचं दुकान आहे. या दुखण्याच्या दोन चिठ्ठ्या बऱ्याचदा माझ्या काउंटरवरच पहिल्यांदा एकमेकींना भेटतात. एक हृदयाच्या डॉक्टरांची, त्यात मेटोप्रोलॉल, फुरोसेमाइड म्हणजे पाण्याची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन. दुसरी लघवीच्या डॉक्टरांची, त्यात सोलिफेनासिन नाहीतर मिराबेग्रॉन. एक आजी मला सांगतात, "लेकरा, बाजाराच्या दिवशी पाण्याची गोळी घेतच नाही मी." दोन बाजार गेले की पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते. खरं तर त्यांची घाईची लघवी त्या पाण्याच्या गोळीनेच वाढवलेली असू शकते. गोळी बंद करायची नाही, पण तिची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे? अ‍ॅम्लोडिपिनने दिवसा पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर मूत्राशयाकडे निघतं. रॅमिप्रिल या बीपीच्या गोळीने कोरडा खोकला लागला की खोकल्यासरशी लुगडं भिजतं. अशा वेळी तिसरी गोळी वाढवण्याआधी पहिल्या दोन पाहाव्यात, असं माझं दुकानदाराचं मत आहे. ते माझ्या धंद्याच्या विरुद्ध जातं, हे मला कळतं.

मूत्राशय आणि हृदय यांचं नातं जुनं आहे. टेरोडिलिन हे औषध आधी छातीतल्या कळेसाठी विकलं जाई, पुढे लघवीसाठी वापरात आलं आणि हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू लागल्यामुळे 1991 साली बाजारातून काढावं लागलं. आजची औषधं त्यामानाने पुष्कळ सुरक्षित आहेत. तरी सोलिफेनासिन, टॉल्टेरोडिन यांच्या गटात तोंड सुकतं, शौचाला खडा होतो, विसरभोळेपणा वाढू शकतो. काहींची नाडी जलद चालते आणि ईसीजीत आधीच दोष असेल तर जपावं लागतं. मिराबेग्रॉनने तोंड फारसं सुकत नाही, पण ते रक्तदाब वाढवू शकतं. 180/110 किंवा त्याहून जास्त, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ते देऊच नये, असा इशारा युरोपात 2015 सालीच दिला गेला. शिवाय त्याच्यामुळे मेटोप्रोलॉल आणि डिगॉक्सिन यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणजे हृदयाच्या गोळीचा डोस कुणी न बदलताच वाढल्यासारखा होतो.

याचा अर्थ गोळ्या वाईट, असा कुणी घेऊ नये. रात्री चारदा उठणारी म्हातारी अंधारात पडली आणि खुबा मोडला, तर तेही हृदयाच्या दुखण्याइतकंच भारी पडतं. गोळी सुरू करण्याआधी बीपी आणि नाडी पाहावी, जुनी चिठ्ठी वाचावी, गरज वाटली तर ईसीजी काढावा आणि थोड्या दिवसांनी बीपी पुन्हा मोजावं. लघवीतला जंतुसंसर्ग, साखर, बद्धकोष्ठ, वरचेवरचा चहा आणि ओटीपोटाचे व्यायाम हे तर त्याच्याही आधी.

जेवणानंतर तपासणी आहे. वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच, की घरी जाऊन चालू असलेल्या, अर्ध्यावर सोडलेल्या, शेजारणीने दिलेल्या आणि झाडपाल्याच्या, सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा. आणि डॉक्टर साहेबांनी आधी ती पिशवी टेबलावर रिकामी करावी, मगच पेन उघडावं.