कोणत्याच खात्यावर न बसणारी रक्कम

आदिलाबादच्या डोंगराळ मुलखात गोंडाच्या घरी कोणी वारले, म्हणजे उत्तरकार्यास त्या घराण्याचा परधान येत असे. किकरी वाजवून तो गोंडांच्या पूर्वजांची गाथा गोंडीत गाई. नवल असे की, त्याच्या स्वतःच्या घरची बोली मराठी. निघताना त्याला मृताची वस्त्रे मिळत, ऐपत असेल तर एखादे जनावरही. आता हे जनावर कोणत्या खात्यावर मांडावयाचे? मजुरी म्हणावी, तर दर ठरलेला नाही. भिक्षा म्हणावी, तर तो परधानाचा वंशपरंपरागत हक्क. आर्थिक मानवशास्त्राचा आरंभ अशाच, कोणत्याही खात्यावर न बसणाऱ्या रकमांपासून होतो.

पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिआंड बेटांवरील लोक शंखांची कंकणे देऊन लाल शिंपल्यांच्या माळा घेण्यासाठी होड्यांतून दूरवर जात आणि मिळालेली वस्तू काही काळाने पुढे देऊन टाकीत. मॅलिनोव्स्की यांनी १९२२ साली हे वर्णन प्रसिद्ध केले. १९२५ साली मार्सेल मोस यांनी दाखविले की, भेट वरवर खुशीची दिसली तरी ती द्यावी लागते, घ्यावी लागते आणि फेडावीही लागते. लग्नातील आहेराची वही ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

तथापि यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालीच ‘गावगाडा’त बलुत्याचा हिशेब मांडला होता. उस्मानिया विद्यापीठात अध्यापन करणारे श्यामाचरण दुबे यांनी हैदराबादजवळील शामीरपेटवर १९५५ साली ग्रंथ लिहिला. तेथेही कारागिरास सुगीला धान्य मिळे. या व्यवहारात जिव्हाळा होता, तशीच जातीची सक्तीही होती. ती विसरून बलुतेदारीचे गोडवे गाणे मला तरी मान्य नाही.

दोन प्रकारचे हिशेब समोरासमोर आले म्हणजे काय होते, ते मात्र आदिलाबादेतच पाहावे. गोंड एक जमीन काही वर्षे कसून पडीत टाकी व दुसरी धरी. पडीत जमीनही त्याच्या लेखी त्याचीच. सरकारी दप्तर मात्र पट्टा पाही. पट्ट्याची कळ ठाऊक असलेल्या बाहेरच्या लोकांनी चांगल्या जमिनी नावावर करून घेतल्या. पुष्कळ रान राखीव जंगलात गेले. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात पडले. त्यानंतर निजाम सरकारने या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडोर्फ या मानवशास्त्रज्ञाकडे सोपविले. ते मारलवाई येथे गोंडांत राहिले. त्यांच्या शिफारशींमुळे हजारो कुटुंबांना पट्टे मिळाले. गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्रही तेथे निघाले.

पुढे आदिवासींची जमीन इतरांकडे जाऊ नये म्हणून १९७० साली कायदा कडक झाला. तरीही त्या दशकाच्या अखेरीस हायमेनडोर्फ परत आले, तेव्हा पुष्कळ जमीन पुन्हा परक्यांच्या हाती गेलेली त्यांना आढळली. १९८२ च्या त्यांच्या ग्रंथात ही हकीकत आली आहे. जमीन गेलेल्या गोंडाने उत्तरकार्यास परधानाला जनावर कोठून द्यावे?