रूळ गेले, वाट राहिली



आज मी तुम्हाला एका सायकलवाटेबद्दल सांगणार आहे. ती आपल्या देशातली नाही, पण तिचा धडा आपल्या कामाचा आहे. म्हणून आधी तिथे जाऊ आणि शेवटी घरी परत येऊ.

इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात डेव्हन नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तरेला एक समुद्र, दक्षिणेला दुसरा. उत्तर किनाऱ्यावर इल्फ्राकूम नावाचं छोटं बंदर आहे आणि दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ हे मोठं आरमारी शहर. या दोन्हींना जोडणारी वाट म्हणजे डेव्हन कोस्ट टू कोस्ट. लांबी ९९ मैल, म्हणजे आपले साधारण १६० किलोमीटर. त्यातल्या दोन तृतीयांशाहून अधिक अंतरावर मोटारीला प्रवेशच नाही. तिथे भेटतात ती चालणारी माणसं, सायकलवाले, चाकांच्या खुर्चीतले आजी-आजोबा, आणि कुत्री.

मी आणि माझी पत्नी, दोघांनी साठी ओलांडल्यावर ही वाट पाच दिवसांत पार केली. मी फौजेतून आलेला, चालण्याची सवय असलेला माणूस. ती शाळेत शिक्षिका होती आणि कॉलेजनंतर सायकलला तिचा हात लागलेला नव्हता. तरी पाच दिवसांत तिला एकदाही उतरून सायकल ढकलावी लागली नाही, असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. तीन-चार वेळा लागली. पण कुठे लागली, हे महत्त्वाचं आहे. ते पुढे सांगतो.

आधी तो मुलूख डोळ्यांसमोर आणा. इल्फ्राकूमच्या आजूबाजूचा किनारा कड्यांचा आहे. पूर्वेला ग्रेट हँगमन नावाची टेकडी ३१८ मीटरवरून थेट समुद्रात उतरते. इंग्लंडमधले सर्वांत उंच सागरी कडे हेच. अशा किनाऱ्यावर गावातले रस्ते कसे असणार? पाचाला एक, चाराला एक असे चढ. म्हणजे पाच मीटर पुढे गेलात की एक मीटर वर.

फौजेत चढाचा हिशेब पाठीवरच्या वजनावरून कळतो. सायकलचाही तसाच आहे. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. पाचाला एक चढावर जवळजवळ २० किलोची ओढ तुम्हाला मागे खेचते. पन्नासाला एक चढावर फक्त २ किलोची. पाय तेच आणि सायकल तीच असली तरी पहिल्या चढावर फक्त पट्टीचा सायकलपटू टिकतो. दुसऱ्यावर कुणीही गप्पा मारत जाऊ शकतं.

आणि या कड्यांच्या मुलखात ही वाट जवळपास सगळीकडे दुसऱ्या प्रकारची आहे. इल्फ्राकूमहून वर चढणारा तिचा अवघड तुकडासुद्धा छत्तीसाला एक आहे. मग प्रश्न येतो, एवढ्या उंचसखल भागात इतकी सपाट वाट आली कुठून?

ती रेल्वेने बांधली. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनियरांनी डोंगर कापले, भराव घातले, बोगदे खणले, नद्यांवर पूल टाकले. इल्फ्राकूमची लाईन १८७४ साली सुरू झाली. इंजिनासाठी केलेला तो सगळा खटाटोप आज साठीतल्या गुडघ्यांच्या उपयोगी पडतो आहे.

मधे काय झालं? १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. तोट्यातले सुमारे ५,००० मैल मार्ग आणि २,३६३ स्थानकं बंद करा, असं त्यात सुचवलं होतं. डेव्हनमधल्या लाईनी एकामागून एक गेल्या. बार्नस्टेपल ते बिडफर्ड प्रवासी गाडी १९६५ मध्ये थांबली, इल्फ्राकूमची १९७० मध्ये. टॉरिंग्टनच्या पुढून माती वाहून आणणारी मालगाडी १९८२ पर्यंत चालली, मग तीही संपली. रूळ उखडले गेले. पट्ट्यावर काटेरी झुडपं माजली.

इथे नीट लक्ष द्या. रूळ उखडल्यानंतरची पहिली काही वर्षं निर्णायक असतात. त्या काळात हा जमिनीचा पट्टा अजून सलग असतो. नंतर एक तुकडा शेताला जोडला जातो, एका तुकड्यावर घर उभं राहतं, एका पुलाचं लोखंड भंगारात जातं. माळेतला एक मणी गेला तरी माळ तुटते.

१९७७ साली ब्रिस्टल शहरात काही सायकलप्रेमी मंडळींनी एक गट स्थापन केला. त्यांनी बंद पडलेल्या ब्रिस्टल-बाथ रेल्वेमार्गावर स्वतः फावडी घेऊन वाट करायला सुरुवात केली. तोच गट पुढे सस्ट्रान्स या नावाने देशभर ओळखला गेला. १९९५ मध्ये त्यांना राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून मोठं अनुदान मिळालं आणि राष्ट्रीय सायकलजाळ्याचं काम सुरू झालं. आमची वाट त्या जाळ्यातला मार्ग क्रमांक २७.

आता थोडं वाटेवरून जाऊ. ब्रॉन्टनपासून मीथपर्यंतचा सुमारे ५० किलोमीटरचा सलग तुकडा म्हणजे टार्का ट्रेल. हेन्री विल्यमसन यांच्या १९२७ सालच्या कादंबरीतल्या टार्का या पाणमांजराचं नाव तिला दिलं आहे. आधी टॉ नदीची खाडी लागते. ओहोटीला रेती आणि चिखल उघडा पडतो, पक्षी टिपत असतात. कोकणातल्या माणसाला ती खाडी परकी वाटणार नाही. मग टॉरिज नदी. बिडफर्डला तिच्यावर २४ कमानींचा जुना दगडी पूल आहे, आणि त्या कमानी सारख्या मापाच्या नाहीत. तिथून पुढे खोरं अरुंद होतं. वाट कधी नदीच्या या काठाला, कधी रेल्वेच्या पुलावरून त्या काठाला. झाडांच्या कमानीखाली तासभर जावं आणि कानावर फक्त पाणी आणि साखळीचा आवाज यावा, हे सुख शब्दांत पकडता येत नाही. माझी पत्नी तिथे पहिल्यांदा म्हणाली, "अहो, मी इतका वेळ मागे वळून पाहिलंच नाही."

शहरातला सायकलवाला सतत मागे पाहतो. मागून काय येतंय, किती जवळून जाणार, हॉर्न वाजणार की नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. आमच्या सकाळच्या गटातले एक निवृत्त सुभेदार साहेब, ज्यांनी सियाचीनला रात्री काढल्या, त्यांनी एका टेम्पोच्या धक्क्यानंतर सायकल विकून टाकली. मला म्हणाले, "सर, शत्रू कुठून येणार हे तिथे तरी ठाऊक होतं." या वाटेची खरी किंमत तिथल्या देखाव्यापेक्षाही मान न वळवता जाता येण्यात आहे.

आता ते तीन-चार चढ. उत्तरेकडे कड्यांवरून ब्रॉन्टनकडे उतरताना पट्टा मधेच तुटतो. मीथच्या पुढेही तुटतो. तिथे सायकल गल्लीरस्त्यांवर येते, आणि मोटारी आणि चढ दोन्ही एकदम भेटतात. आमची सायकल ढकलणी झाली ती नेमकी तिथे.

तुटलेलं जोडायला काय पडतं, हे दक्षिणेकडे टॅव्हिस्टॉकजवळ दिसतं. वॉकम नदीवरचा जुना रेल्वेपूल १९६५ साली पाडला होता. वाट जोडायची तर त्याच जागी नवा पूल हवा होता. तो २०१२ मध्ये झाला. नाव जेम ब्रिज, लांबी सुमारे २०० मीटर, उंची २४ मीटर. पाडलेल्या पुलाची जागा भरायला ४७ वर्षं लागली.

आणि राखलं तर काय होतं? ओकहॅम्पटनजवळ मेल्डनचा लोखंडी पूल पाहा. १८७४ सालचा, दरीपासून ४६ मीटर उंच. तो पाडला नाही. आज त्यावरून सायकली जातात आणि समोर डार्टमूरचा उघडा माळ पसरलेला दिसतो. त्याहून मोठी गोष्ट ओकहॅम्पटनचीच. तिथली नियमित प्रवासी गाडी १९७२ मध्ये बंद झाली होती. मार्ग मात्र दगडखाणीच्या मालासाठी जिवंत राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी, तिथे रोजची गाडी परत आली. मार्ग हातात होता म्हणून येऊ शकली.

आता घरी येऊ.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी श्रोत्यांना हे अधिक जवळचं वाटेल. आपल्या देशातली पहिली नॅरोगेज गाडी १८६२ साली बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात, डभोई ते मियागाम धावली. सुरुवातीला ती बैल ओढत होते. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. ती लाईन महूजवळ पातालपाणी ते कालाकुंड चोरल नदीच्या खोऱ्यातून, बोगद्यांतून उतरते. महूला कोर्ससाठी असताना रविवारी आम्ही त्या घाटात चालायला जायचो. नवा ब्रॉडगेज मार्ग लांबून वळसा घेऊन आखला आहे, आणि जुन्या घाटातल्या तुकड्यावर डिसेंबर २०१८ पासून वारसा म्हणून पर्यटकांची गाडी चालते. म्हणजे जुना मार्ग राखण्याची अक्कल आपल्याकडेही आहे.

१९९२ पासून आपण हजारो किलोमीटर लहान गेज मोठं केलं. बहुतेक ठिकाणी नवे रूळ जुन्याच भरावावर बसले, ते योग्यच झालं. पण जिथे वळणं सरळ केली, घाट बदलला किंवा लाईन कायमची थांबली, तिथे जुना भराव रिकामा पडला आहे. तो आपली माळ आहे, आणि मणी रोज गळत आहेत.

काही जण म्हणतील, आम्हाला सायकलवाट नको, गाडी हवी. विदर्भात शकुंतलेच्या, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर लाईनच्या काठावरचे लोक हेच म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. सायकलवाट गाडीच्या आड येत नाही, उलट तिची जागा धरून ठेवते. अमेरिकेने १९८३ साली यासाठी कायदाच केला. बंद लाईन मोडीत काढायची नाही, वाट म्हणून वापरायची, आणि रेल्वेला पुढे लागली तर परत घ्यायची. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं.

दुसरी शंका असते, मोटरसायकली घुसतील. घुसतात. तोंडाशी दगडी खांब लावले की निम्म्या थांबतात. उरलेल्या थांबवायला वाट वापरणारी माणसं लागतात. शाळेला जाणारी मुलं, शेतावर जाणाऱ्या बाया रोज तिथून जात असतील, तर गाव स्वतःच पहारा देतं.

तुम्हाला करण्यासारखं एक काम सांगतो. त्याला आम्ही रेकी म्हणतो. तुमच्या तालुक्यात अशी एखादी बंद लाईन असेल, तर एका रविवारी चार जण मिळून ती पायी चाला. भराव कुठे सलग आहे, कुठे तुटला, पूल उभा आहे की नाही, मोजा आणि फोटो काढा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, गाडी कधी थांबली. सगळं एका नकाशावर उतरवा आणि पत्रासोबत ग्रामपंचायतीला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि रेल्वेच्या मंडल कार्यालयाला द्या. ब्रिस्टलच्या मंडळींनीही सुरुवात फावड्यांनीच केली होती. लॉटरीचे पैसे आले ते अठरा वर्षांनी.

आणि कुणाला डेव्हनला जायचंच असेल, तर मे ते सप्टेंबरमध्ये जा. वारा बहुधा नैऋत्येचा असतो, आपल्या पावसाळी वाऱ्यासारखा, म्हणून दक्षिणेकडे जाताना तो समोरून येईल. दिवसाला ३०-३५ किलोमीटर पुरे. इल्फ्राकूमला आता रेल्वे नाही, तेव्हा एक्सेटरहून गाडीने बार्नस्टेपलला उतरा. सायकली तिथे भाड्याने मिळतात. चालणाऱ्यांच्या मागून जाताना घंटी वाजवा आणि वेग कमी करा. त्या वाटेवर पहिला मान पायी चालणाऱ्याचा.

 जय हिंद.