डोळ्यांचा पडदा आणि ताटातली पालेभाजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण आपल्या आळीत हल्ली डोळ्यांच्या गोळ्यांच्या बाटल्या घरोघर दिसतात, आणि त्यांसाठी भाजी-दुधाचे पैसे मोडतात. म्हणून वाचून-विचारून जे समजले, ते सांगते.

तेलाचे भांडे उन्हात उघडे राहिले की तेल खवट होते. ही करणी हवेतल्या प्राणवायूची. डोळ्याच्या आत मागच्या बाजूस जो पातळ पडदा असतो, त्याच्या पेशींतही नाजूक स्निग्धांश पुष्कळ. त्यावर दिवसभर उजेड पडतो व त्याला प्राणवायूही फार लागतो. म्हणून तसलाच बिघाड तेथे होण्याचा धोका मोठा. पडद्याच्या मधोमध एक पिवळा ठिपका असतो. सुईत दोरा ओवणे, वाचणे, चेहरा ओळखणे हे सारे त्याच्या जोरावर. त्याचा पिवळेपणा ल्यूटीन व झियाझँथीन या द्रव्यांचा, आणि हीच द्रव्ये त्याची राखण करतात. शरीर ती तयार करीत नाही. अन्नातूनच यावी लागतात. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, मका, अंड्याचा बलक यांत ती असतात. फोडणीच्या चमचाभर तेलाने ती अंगी लागतात.

मग गोळ्या कोणासाठी? अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने मोठी पाहणी करून २००१ साली निष्कर्ष दिला. उतारवयात हा ठिपका झिजू लागून रोग मधल्या पायरीवर आलेला असेल, तर क, ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन, जस्त व तांबे ठरावीक प्रमाणात दिल्याने तो बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. ज्यांचे डोळे निरोगी, त्यांना रोग होऊ नये म्हणून या गोळ्यांचा उपयोग दिसलेला नाही. मोतीबिंदूही त्यांनी टळला नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून २०१३ च्या दुसऱ्या पाहणीनंतर त्याऐवजी ल्यूटीन व झियाझँथीन घालू लागले. तेव्हा डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितल्याखेरीज बाटली आणू नये. घरातली विडी सुटली तर डोळ्यांनाही तो मोठाच लाभ.

पालेभाजी खाल्ली की रोग होणारच नाही, असे मी म्हणत नाही. म्हणून पन्नाशीनंतर अधूनमधून एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहावेत. सरळ गज वाकडे दिसले, वा मधोमध काळा डाग आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वयाचे म्हणून सोडून देऊ नये.

शेवटी एकच विनंती. सर्वांना वाढून होईपर्यंत पातेल्यातली भाजी संपते, आणि आपण चटणीवर भागवतो. भगिनींनो, उद्यापासून वाढण्याआधी एक वाटी स्वतःसाठी काढून ठेवा. घरातली सुई आपल्याच हाती असते.